स्क्रू कुठे मिळतात

बिबवेवाडी, ९ जून २०२५

कल्याणी,

जयभीम. पत्राला कारण एकच: स्क्रू.

तुझ्या त्या खेळात स्क्रू कुठे मिळतात, तेवढं कळव. बाकी मी काही विचारत नाही आणि तूही काही सांगू नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टाच्या पाकिटावर आले. खिडकीवरचा माणूस पत्ता वाचून म्हणाला, "हडपसरच ना? मग स्वतःच का जात नाही?" मी म्हटलं, तुम्ही तिकीट द्या.

बाबांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, हे तुला संजयमामांनी सांगितलंच आहे. मी ऑफिसात असतानाची वेळ बघून तू दवाखान्यात येऊन गेलीस, हे मला नर्सने सांगितलं. असो. पाय बराच सुधारलाय. उजवा हात आणि बोलणं राहिलंय. "हो", "नाही", "चहा" एवढंच येतं, आणि चिडले की एक शिवी येते, ती मात्र अगदी स्वच्छ.

व्यायाम घ्यायला उत्कर्षा मॅडम आठवड्यातून तीनदा येतात. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी गॅलरीतून खाली टाकला. मग मणी ओवायला दिले. तेहेतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला मणी! बाबांनी ताटली उलटी केली आणि डाव्या हाताने टीव्हीखालच्या तुझ्या व्हिडिओ गेमच्या डब्याकडे बोट दाखवलं. तू जाताना सोडून गेलीस तो. दोन वर्षं मी त्यावरची धूळही पुसली नव्हती. उत्कर्षा मॅडम मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, अंगठे, बोटं, नजर, सगळ्यांनाच काम आहे की! यापेक्षा चांगला व्यायाम कुठला?

झालं. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये रोज जग बुडालेलं असतं. पडक्या इमारती, गंजलेल्या बसगाड्या, आणि त्यातून हिंडणारा बाबांचा माणूस. नजर वळवायची तर उजवा अंगठा लागतो, आणि तोच चालत नाही. त्यामुळे पहिला आठवडाभर तो माणूस आभाळाकडे बघत उभा होता. आता वळतो. आता दिसेल ते उचलतो. फुटक्या बश्या, टायर, बाहुल्या, एकदा तर आख्खं कमोड. मग ओझं जास्त होतं आणि तो पाय ओढत चालायला लागतो. बाबाही तसेच चालतात, ते मला बघवत नाही.

त्यांना पाणी गाळायचं यंत्र बनवायचंय. त्याला बारा स्क्रू लागतात. आठ दिवस शहर पालथं घालून मिळालेत दोन. परवा त्यांनी कंट्रोलर भिंतीवर फेकला.

तेव्हा कागदावर लिहून पाठव. आम्हाला तुझी गरज आहे असा अर्थ काढू नकोस. स्क्रूंची आहे.

जया

बिबवेवाडी, २१ जून २०२५

कल्याणी,

तुझं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न. सगळाच्या सगळा मजकूर इथे उतरवते, म्हणजे आपण काय पाठवलं ते तुला कळेल:

"टेबलफॅन, घड्याळं, टाइपरायटर यांत स्क्रू असतात. घरं सोडा, शाळा आणि ऑफिसं बघा. वस्तू तशाच उचलून आणू नका. वाटेत कामाचं टेबल दिसलं की तिथेच मोडा, सुटे भाग हलके असतात. गोंद शोधत फिरू नका. तळावर ज्वारी लावा आणि खळ शिजवा. झाडून नेलेली जागा आठ दिवसांनी पुन्हा भरते. बाबांना सांगा, बाहुल्या घेऊ नका."

खाली नाव नाही, वर नाव नाही. "ताई" नाही. "सोडा", "मोडा", "लावा". मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?

वैताग याचा की सगळं बरोबर निघालं. पडक्या शाळेत एका खोलीत अकरा घड्याळं होती. बाबांनी ती तिथल्याच टेबलावर मोडली, एकेक, अंगठा दाबून. पाऊण तास लागला. मधे मी म्हटलं, "बाबा, मी करू का?" तर ती शिवी. पाणी गाळायचं यंत्र झालं. त्यातून पाण्याचा थेंब पडला तेव्हा यमुनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. (यमुनाबाई म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर बाबांजवळ असतात त्या. तू ओळखत नाहीस.)

आता बाबांच्या अंगात जुना स्टोअरकीपर शिरलाय. लोखंडाची पेटी वेगळी, कापडाची वेगळी, खळ तिसरीत. फेरीला निघण्याआधी काय कमी आहे ते माझ्याकडून लिहून घेतात. मी चुकीचं लिहिलं की मान हलवतात. यादीत नसलेली वस्तू उचलायची नाही. मीच परवा यादीबाहेरची इस्त्री उचलली तर त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

मी खेळत नाही. परवा दोन तास बसले ते त्यांचा हात दुखत होता म्हणून.

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून. आईच्या पुण्यानुमोदनाला मी सगळ्यांसमोर जे बोलले ते रागात बोलले. पण खोटं बोलले नाही. आई स्वयंपाकघरात पडली होती आणि तू पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसली होतीस. "आई मरत होती आणि ही खिळे गोळा करत होती," असं म्हटलं मी. आता मला कळलंय की ते खिळे नसतात, स्क्रू असतात. तेवढी दुरुस्ती करून घे.

जया

बिबवेवाडी, ६ जुलै २०२५

कल्याणी,

पुन्हा एक तांत्रिक प्रश्न आहे, त्याचं तेवढं उत्तर दे.

खेळ बंद असताना सामान आपोआप वाढतं का? बुधवारी मी सकाळी बघून गेले, पेटीत नऊ स्क्रू होते. संध्याकाळी येऊन बघते तर सत्तर. बाबांचा वेग मला माहीत आहे. सत्तर स्क्रू म्हणजे त्यांना पंधरा दिवस. शिवाय ज्वारी कापलेली, खळ शिजवलेली, तळाभोवती आख्खं कुंपण उभं. मी बाबांना विचारलं, "हे तुम्ही केलंत?" ते म्हणाले, "हो." म्हटलं, "एकट्याने?" तर चहा मागितला.

यमुनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी भाकऱ्या करत असते हो, ताई. मला त्यातलं काय कळतंय?" त्या बाईंना बाकी सगळं कळतं, वरच्या मजल्यावर कोणाकडे कोण आलं तेसुद्धा.

बरं, सुधारणा आहे, तेही सांगते. शर्टाचं वरचं बटण बाबांनी मंगळवारी स्वतः लावलं. उत्कर्षा मॅडमनी त्याचा फोटो काढला. शब्दही वाढलेत. "पुढे." "खळ." "नको ते." आणि झोपेत एकदा, "थांब गं." थांब गं कोणाला म्हणतात, कळत नाही. यमुनाबाईंना ते अहो म्हणतात आणि मला म्हणायची वेळच येत नाही, मी कायम थांबलेलीच असते. ऑफिस, औषधं, बँक, बाजार, परत ऑफिस. तू गेलीस आणि सुटलीस.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

उत्तर पाठव.

जया

बिबवेवाडी, १९ जुलै २०२५

कल्याणी,

तू उत्तर का पाठवलं नाहीस ते मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी ऑफिसात वीज गेली म्हणून तीन वाजताच घरी आले. दार यमुनाबाईंनी उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहराच पडला. आत बाबा हसत होते. मार्चनंतर मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. डोक्यावर हेडफोन, समोर पडदा, आणि पडद्यावर त्यांच्या माणसाशेजारी दुसरं एक माणूस, लाल टोपीवालं, कुंपणाला खिळे ठोकत होतं. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं: कलू.

आपल्या घरात तुला कलू म्हणणारा माणूस एकच.

मी बाबांच्या डोक्यावरचे हेडफोन काढून कानाला लावले. तू म्हणत होतीस, "बाबा, डावीकडे वळा, नाही हो, डावीकडे, अंगठा बाहेर." इतक्या शांतपणे. माझ्याशी बोलताना असा आवाज तुला कधी सापडला नाही.

यमुनाबाई म्हणाल्या, "पंचवीस दिवस झाले, ताई. रोज दोन ते चार. साहेबांनी मला हाताने खुणा करून सांगितलं, बोलू नका. मी तरी काय करणार?"

पंचवीस दिवस! मी इथे तुला पत्रं लिहितेय, पाकिटं चिकटवतेय, खिडकीवरच्या त्या माणसाचं तोंड बघतेय, सामान आपोआप वाढतं का म्हणून विचारतेय, आणि तू रोज दुपारी इंटरनेटवरून आमच्या हॉलमध्ये! माझ्या सगळ्या पत्रांना तू बाबांबरोबर हसलीस का? हसलीच असणार.

मी वायर ओढून काढली. इंटरनेटचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बंद पडद्याकडे बघत बसले.

तुला बाबांना भेटायचं होतं तर दार होतं. दाराला बेल आहे. माझी लाज वाटत असेल तर तसं सांगायचं. पण हे चोरून भेटणं मला चालणार नाही. बाबांचा व्यायाम मी चेंडूवर करून घेईन.

जया

बिबवेवाडी, २७ जुलै २०२५

कल्याणी,

बाबांनी चेंडूला हात लावला नाही. मण्यांनाही नाही. चार दिवस जेवण अर्धं. शर्टाचं बटण पुन्हा मी लावतेय.

शुक्रवारी उत्कर्षा मॅडम आल्या. मी त्यांना खरं सांगितलं नाही, डबा बिघडलाय म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आज लिहून बघू या." वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं, जाड पेन उजव्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काका, काहीही लिहा. स्वतःचं नाव लिहा."

दहा मिनिटं लागली. पेन दोनदा पडलं. मी उचलून द्यायला गेले तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं. मॅडमना वाटलं ते "दशरथ" लिहितायत. त्यांनी लिहिलं, "कलूची चूक नाही."

मॅडमना काही कळलं नाही. त्या अक्षरावरच खूश. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

आता जे लिहितेय ते आधीच लिहायला हवं होतं. मी हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा तुझ्यावर चिडून संपवलं. हे चौथं.

आई गेली त्या गुरुवारी दुपारी आमची आढावा बैठक होती. साहेब समोर बसले होते, माझं टिपण वाचायचं होतं, फोन टेबलावर होता, आवाज बंद. त्यावर आईचं नाव आलं. मी फोन उलटा ठेवला. दोन मिनिटांनी तो पुन्हा थरथरला, शेजारच्या माणसाने बघितलं, म्हणून मी तो पर्समध्ये टाकला. तिसरा कॉल मी नंतर पाहिला. मला वाटलं होतं, येताना कोथिंबीर आण म्हणून सांगायचं असेल. दुपारी तिचा फोन यायचा तो कोथिंबिरीसाठीच. खरंच तसं वाटलं होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं होतं की नाही, तेही नीट आठवत नाही.

तुला ऐकू गेलं नाही. मला दिसलं होतं.

तुझा फोन आला आणि मी रिक्षात बसले. स्वारगेटच्या सिग्नलला मी फोनमधून आईचे ते तीन कॉल पुसून टाकले. का पुसले, ते मला सांगता येणार नाही. अजून आई गेलीय हेही नक्की माहीत नव्हतं, तरी पुसले. आणि बारा दिवसांनी सगळ्या नातेवाइकांसमोर उभी राहून तुझं नाव घेतलं. कोणीतरी विचारेल, "जया, तुला फोन नाही का केला तिने?" याची मला धास्ती होती. मी बोलले आणि मग कोणीच विचारलं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते.

माफी वगैरे मी मागत नाही. ते शब्द लिहिले की पत्र खोटं वाटायला लागतं. काय झालं तेवढं सांगितलं.

इंटरनेटचा डबा मी काल कपाटातून काढला. वायर लावली. आज रविवार म्हणून तू नसशील. उद्या दोन वाजता बाबा तिथे असतील. यमुनाबाईंना खुणा करायची गरज नाही.

जया

बिबवेवाडी, १७ ऑगस्ट २०२५

कल्याणी,

नंबर तू उघडलास, ते बघितलं. तरी पत्रच लिहितेय. फोनवर तू मधेच बोलतेस.

गेल्या रविवारी तू आलीस तेव्हा मी दारातच काहीतरी मूर्खासारखं बोलले. "चपला बाहेर काढ, फरशी ओली आहे." दोन वर्षांनी बहीण येते आणि मी फरशीचं सांगते. तूही कमी नाहीस. "फरशी नेहमीच ओली असते तुझी," म्हणालीस आणि सरळ बाबांकडे गेलीस. बाबांनी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत आला. उत्कर्षा मॅडमना मी सोमवारी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

मग तू पिशवीतून दुसरा कंट्रोलर काढलास आणि मला बसवलंस. ते दोन तास कसे गेले ते मी इथे लिहीत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पडक्या दवाखान्यातून येताना मी सगळं उचलत सुटले होते. माझं ओझं वाढलं, माझा माणूस पाय ओढायला लागला, तू ओरडत होतीस, "ताई, अर्धं टाक, संध्याकाळ होईल अशाने," आणि मी टाकत नव्हते. तेव्हा बाबा बोलले. "जया, टाक ना ते. परत येऊ की." अख्खी दोन वाक्यं. तू त्यांच्याकडे बघायला वळलीस म्हणून तुझा माणूस विहिरीत पडला. मी मात्र मान वर केली नाही, कारण मला रडू येत होतं आणि तुझ्यासमोर ते नको होतं.

जेवणानंतर तू भांडी विसळत होतीस आणि मी पुसत होते. पत्र मिळालं का म्हणून विचारायचं धाडस मला होईना. तूच म्हणालीस, "मला माहीत होतं." मी म्हटलं, "काय?" तू नळ बंद केला नाहीस. म्हणालीस, "डॉक्टरांचा नंबर आईच्या फोनमध्ये होता. तो काढायला मी फोन उघडला. तीनदा तुझं नाव होतं."

म्हणजे पुण्यानुमोदनाला मी बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं. मामा तुझ्याकडे बघत होते, मावशी तोंडाला पदर लावून रडत होती, आणि तुला माहीत होतं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तू म्हणालीस, "तू बोलशील म्हणून थांबले."

कल्याणी, दोन वर्षं! इतकं कोणी थांबतं का? एक फोन करायचा, एक शिवी द्यायची, सगळ्यांसमोर तो फोन माझ्या तोंडावर फेकायचा. मी तुझ्या जागी असते तर त्याच क्षणी फेकला असता. त्या रात्री मला तुझाच राग आला, हे तुला खरं वाटेल का? सकाळी उठले तेव्हा तो राहिला नव्हता.

निघताना तू जिन्यात म्हणालीस, "मला लिहिलंस ते ठीक आहे. पण मला तर माहीतच होतं. ज्यांच्यासमोर बोललीस त्यांना सांग."

तर सांगतेय. मामांना बुधवारी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ठेवला. दहा मिनिटांनी मामीचा फोन आला आणि तिने मला अर्धा तास धुतलं. मी मधे बोलले नाही. मामांनी काल तुला फोन केला असेल. नसेल केला तर मला कळव, मी त्यांना पुन्हा गाठते.

मावशीला फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता, तिला आता काहीच ऐकू येत नाही. म्हणून आज सकाळी येरवड्याला गेले. तिने दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आधीच बोलायला लागले, कारण आत जाऊन बसले असते, चहा आला असता, तर माझी हिंमत गेली असती. ती म्हणाली, "काय? कोणाचा फोन?" मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "कोथिंबीर? आत्ता कुठली कोथिंबीर?" कानातलं यंत्र तिने म्हणे उशाशी ठेवलंय, बॅटरी संपते म्हणून. आण म्हटलं तर जागची हलेना. शेवटी मी जिन्यात उभी राहून घसा फोडून ओरडले, "मावशी, आईने मला फोन केला होता! मी उचलला नाही! कल्याणीची काही चूक नव्हती!"

समोरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून दोघं खाली वाकून बघायला लागले. एक बाई दळण घेऊन जिना चढत होती, ती तिथेच थांबली.

मावशीने माझा हात धरला. म्हणाली, "ऐकलं गं, बाई. आता ये आत."

तुझी,
ताई